बत्तीस इंची दार

९ जानेवारी

प्रिय ठकूस,

आधी पाठीत एक धपाटा आणि मग आशीर्वाद. धपाटा अशासाठी की माझ्या तीन पत्रांना तुझं एक उत्तर, तेही चार ओळींचं. एवढं काय काम असतं गं शाळेतल्या पीटीच्या बाईला? शिट्टी फुंकायची आणि पोरांना पळवायचं!

तर आता ऐक, आणि बसून ऐक. मी घर दुरुस्तीला काढतेय! फोनवर सांगितलं असतं, पण शिलाई मशीनच्या खडखडाटानं माझा डावा कान कधीच गेला आणि उजवाही आता त्याच्या मागं निघालाय. फोनवर मी एकटीच बोलत सुटते. म्हणून पत्र.

मे महिन्यात तू निवृत्त होतेस. आई गेली त्या वर्षी आपलं काय ठरलं होतं? तुझी नोकरी संपली की दोघींनी इथं एकत्र राहायचं. ते मी विसरलेले नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. पण या घरात दोन माणसं राहायची तर घर माणसात आणायला हवं. ओट्याची फरशी फुटलीय, न्हाणीघराच्या भिंतीला ओल आलीय, आणि पुढच्या खोलीत माझं दुकान, मधे मी, मागच्या खोलीत आईच्या पेट्या. तुला कुठं ठेवू? डोक्यावर?

हो, डोक्यावरच! गच्चीत तुझ्यासाठी खोली बांधायची. दोन बाजूंना खिडक्या, बाहेरून जिना. तू तर अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत असशील. सकाळी उठायचं, गच्चीत तुझे ते हातपाय हलवायचे प्रकार करायचे, मी खालून चहाला हाक मारीन.

तीन मिस्त्रींना सांगून ठेवलंय. सगळ्या घराची मापं मी स्वतः घेतली, माझ्या टेपनं, आणि तिघांना एकेक कागद लिहून दिला. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलीत, भिंती तर बिचाऱ्या श्वास रोखून उभ्या राहतात. एक कागद तुलाही पाठवलाय. लोक म्हणतात, घर पाहावं बांधून. पाहूच म्हटलं!

तुझी पाठ कशी आहे? ऑपरेशन छोटं होतं म्हणालीस, पण दीड वर्ष झालं, एकदा तोंड दाखवलं नाहीस. मी येते म्हटलं की तू म्हणतेस मीच येते. ये आता कायमची.

तुझी ताई

---

२० जानेवारी

ताई,

धपाटा पोचला, जागेवर लागला. पत्र वाचून मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण झारा हातात घेऊन धावत आली. तिला वाटलं मी पडले. तिलाही वाचून दाखवलं, आता तीही कामाला लागलीय. नळ कुठल्या बाजूला हवा यावर आमचं काल भांडण झालं!

मीही कागद घेऊन बसले आहे. ताई, रागावू नकोस, पण गच्चीवरची खोली नको. वर तापतं फार. मला मागची खोलीच दे. आईच्या पेट्या वर जाऊ देत. मागच्या खोलीच्या बाजूच्या खिडकीतून अंगणातला नळ दिसतो, मला तेवढं पुरे.

आणि एक हट्ट आहे. सगळी दारं बत्तीस इंची हवीत. माझं कपाट अवाढव्य आहे, अडकायला नको. तुझ्या कागदावर न्हाणीघराचं दार बरोब्बर बत्तीस इंच वाचलं आणि मी टाळीच वाजवली. मधल्या खोलीचंही बत्तीस! हे घर शहाणं आहे गं. आणि पुढच्या तीन पायऱ्या, त्यांची एकूण उंची किती? तेवढं लिहून कळव.

पाठ बरी आहे. आता दुखत नाही.

मिस्त्री निवडताना एक कर. जो सगळ्याला हो म्हणेल त्याच्यापासून सावध राहा. शाळेत मी पाहिलंय, मैदानाला किती फेऱ्या माराल विचारलं की जो पोरगा छाती ठोकून वीस म्हणतो, तो तिसऱ्या फेरीला झाडाखाली सापडतो.

तुझी ठकू

---

२ फेब्रुवारी

ठके,

काय सांगू आणि किती सांगू! तिन्ही मिस्त्री येऊन गेले. हसून हसून माझ्या पोटात दुखतंय, आणि हसं माझंच झालंय.

पहिला आला त्याचं नाव मी ‘चिंताच नको’ ठेवलंय. गच्चीवर खोली? चिंताच नको. ओल? चिंताच नको. मी मुद्दाम म्हटलं, दोन महिन्यांत होईल का? म्हणे दीड महिन्यात करतो, चिंताच नको. तो गेल्यावर मला इतकी चिंता लागली की विचारू नकोस.

दुसरा ‘चित्रवाला’. त्याच्याकडे हे जाड पुस्तक, त्यात स्वयंपाकघरांची चित्रं. एकेक ओटा असा चकचकीत की त्यावर चहा उकळायची लाज वाटावी. मी भुललेच गं. माझ्या मापांवरून त्यानं रंगीत नकाशाही काढून आणला. भिंतभर कपाटं, मधोमध जेवायचं टेबल. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

तेवढ्यात तिसरा उगवला. तोंडावरची माशी हलत नाही असा माणूस. काहीही विचारलं की ‘बघावं लागेल’. मी माझा कागद पुढं केला तर तो न वाचता घडी घालून खिशात टाकला, आणि स्वतःचा लोखंडी टेप काढून माझं घर मोजायला लागला. मला रागच आला. म्हटलं, अहो मोजलंय मी! तो मोजतच राहिला. मग खिशातला माझा कागद काढला, परत मोजलं, आणि मला विचारतो कसा, “बाई, घर धुतल्यावर आटलं का तुमचं?”

प्रत्येक माप चार इंचांनी कमी भरत होतं! प्रत्येक! मी म्हटलं तुमचा टेप खोटा. मग मी माझा टेप आणला, आम्ही दोघांनी मिळून न्हाणीघराचं दार मोजलं. अठ्ठावीस. आणि माझा हात आपोआप कागदावर बत्तीस लिहायला गेला. तेव्हा ट्यूब पेटली. अगं, मी प्रत्येक मापात दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच शिलाईसाठी धरलेत! चाळीस वर्षांची सवय, हाताला काय कळतंय की भिंतीला शिवण नसते! खाली बसून हसले मी. तोसुद्धा हसला, म्हणजे मिशी जराशी हलली.

मग चित्रवाल्याचा नकाशा काढून बघितला. त्याची कपाटं बसवली असती तर स्वयंपाकघराचं दार उघडलंच नसतं. चिंताच नकोनं तर आमच्याकडे पाऊल टाकलं ते चहा प्यायला. घर मोजलं फक्त एकानं. तर मिस्त्री ठरला. बघावंलागेलच!

पण तो आडमुठा आहे हं. म्हणतो, जो राहणार त्याला विचारल्याशिवाय मी रेघ मारत नाही. तुझा पत्ता मागून घेतलाय. आणि तुझ्या बत्तीस इंची दारांचं त्याला सांगितलं तर विचारात पडला. मला तर कळेचना, न्हाणीघराचं दार तुला कशाला रुंद हवं? कपाटाला आंघोळ घालणार आहेस काय?

पायऱ्यांची उंची अठरा इंच. त्याच्या टेपनं.

तुझ्यासाठी शाळेचा शेवटचा दिवस म्हणून नवा जोड शिवायचाय. तुझा नेहमीचा, अंगावर बसलेला एखादा सदरा आणि पँट पाठव. माप त्यावरून घेते. दीड वर्षात जाड झालीस का बारीक, मला काय माहीत!

ताई

---

११ फेब्रुवारी

मिस्त्रींना,

स. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. ‘वरच्या खोलीत कोण राहणार, त्यांना जिना चालेल का’ एवढाच प्रश्न. गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, म्हणून खरं उत्तर देते.

जिना चालणार नाही. पाठीचं ऑपरेशन झालं त्यात माझ्या पायांतली ताकद गेली. मी चाकाच्या खुर्चीत असते. खुर्ची सत्तावीस इंच रुंद आहे, चाकं फिरवायला हातांना जागा लागते, म्हणून बत्तीस. शाळेनं मला मैदानावरून काढून ऑफिसात बसवलंय. मी ठीक आहे. एकटी उठते, आंघोळ करते, कपडे धुते. बाहू असे झालेत की जुने सदरे खांद्यात उसवतात.

ताईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू नका, हात जोडते. आमची आई सात वर्षं अंथरुणाला होती. मी नोकरीच्या नावाखाली इथं, आणि ताईनं एकटीनं तिला उचललं, न्हाऊ घातलं, फिरवलं. मी सुट्टीत आठ दिवस यायचे आणि ताईचे हात बघून जायचे. त्या बाईला मी पुन्हा कुणाला उचलायला लावणार नाही. तिला सांगितलं तर ती एका शब्दानं नाही म्हणणार नाही, म्हणूनच सांगायचं नाही.

तर माझा प्रश्न असा. ते घर असं होईल का, की मला रस्त्यापासून न्हाणीघरापर्यंत कुणाचा हात लागणार नाही? होत असेल तर मी येईन आणि तिला स्वतः सांगेन. होत नसेल तर इथं निवृत्त बायकांचं वसतिगृह आहे, तिथं खालच्या मजल्यावर खोली मिळतेय. त्यांना मार्चअखेर कळवायचंय. गोड बोलू नका. जे असेल ते लिहा.

आपली,
ठकू (ताईंची धाकटी बहीण)

---

१९ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

गोड मला येत नाही.

दारं बत्तीस होतील. न्हाणीघर लहान आहे, खुर्ची वळायला पाच फूट लागतात, स्वयंपाकघरातून कपाटाची जागा घेतली की होईल. ओट्याखाली मोकळं ठेवलं तर तुम्हाला बसून स्वयंपाक येईल. मागची खोली उत्तम. पेट्या मी वर चढवीन.

अडचण पुढं आहे. पायऱ्या अठरा इंच. इंचाला फूट या हिशेबानं उतार अठरा फूट लांब लागतो. अंगण अकरा फूट. सरळ काढला तर तुम्ही रस्त्याच्या मधोमध उतराल. याहून उभा काढला तर चढताना कुणाला तरी मागून ढकलावं लागेल, ते तुम्हाला नको. म्हणून वळवून घ्यायचा. त्यासाठी पुढच्या खोलीची भिंत तीन फूट आत सरकवावी लागेल. ती खोली म्हणजे तुमच्या बहिणीचं दुकान. कापड बेतायचं मोठं टेबल त्या भिंतीला आहे. ते तिथं राहणार नाही.

त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांच्या दुकानाची भिंत पाडणार नाही. आणि मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

कळवावे.

मिस्त्री

---

१ मार्च

ताई,

हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले.

मी येत नाहीये. म्हणजे भेटायला येईन कधीतरी, पण राहायला नाही. इथं निवृत्त बायकांचं एक छान वसतिगृह आहे, माझ्या दोन मैत्रिणीही तिथं आहेत. इतकी वर्षं या गावात काढली, आता मुळं रुजलीत गं. तू तुझं दुकान मोठं कर, गच्चीवर खोली बांधायची असेल तर बांध, भाडेकरू ठेव. मिस्त्री तोच ठेव मात्र. माणूस चोख आहे.

तू मागितलेला सदरा आणि पँट सोबत पाठवते आहे. शिवायचं तर शीव, नाहीतर राहू दे.

रागावलीस तर मला समजेल. तुझं मन मोडायचं नव्हतं.

ठकू

---

८ मार्च

ठके, ठके, मूर्ख मुली,

तुझं पत्र परवा आलं. वाचलं. माझ्या मनात आलं, ठकूला मी नकोशी झाले. एकसष्ट वर्षांची बहीण आणि तिला मैत्रिणी जास्त! वसतिगृहाच्या नावानं बोटं मोडली. रागानं तुझं पार्सल उघडलंही नाही.

काल सकाळी उघडलं. नवा जोड तर नवा जोड, शिवून तिच्या तोंडावर फेकू म्हटलं. पँट टेबलावर पसरली आणि हात फिरवला. आता एक गोष्ट मीही तुला सांगितलेली नाही. माझे डोळे गेलेत, म्हणजे पूर्ण नाही, पण वर्ष झालं, सुईत दोरा ओवता येत नाही. समोरची इस्त्रीवाली सकाळी दहा सुया ओवून देते, त्या संपल्या की दुकान बंद. कोट शिवणं मी कधीच सोडलं. दुकान मोठं कर म्हणे! अगं, पडदे दुमडते मी आता, पडदे!

तर डोळ्यांनी नाही, बोटांनी कळलं. पँट बसायच्या जागी अशी विरलेली की पलीकडचं दिसावं, आणि गुडघे नवेकोरे. खालची कड कोरी करकरीत, बुटाला एकदाही घासलेली नाही. पीटीच्या बाईची पँट! मग सदरा उलटा केला. दोन्ही खांदे उसवून परत शिवलेले, तुझ्याच वेड्यावाकड्या टाक्यांनी. दोन्ही मनगटांना आतून काळे पट्टे. उजेडात नेऊन हुंगले. रबर.

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे उसवतेय. कोण कुठल्या कुशीवर झोपतं ते मला कॉलरवरून कळतं. आणि माझ्या बहिणीचं मला दीड वर्ष कळलं नाही!

मी तशीच उठले आणि मिस्त्रीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझी बहीण खुर्चीत आहे का? तो म्हणाला, “विचारलंत म्हणून सांगतो. आहे.” मग त्यानं सगळंच सांगितलं. भिंतीचंही.

ठकू, मी रडले. आधी तुझ्यासाठी, आणि मग मला तुझा असा राग आला, असा राग आला! तू आईचं नाव पुढं केलंस. आता आईचंच ऐक. सात वर्षं मी तिला उचललं हे खरं. पण मी थकले ती आईमुळं नाही. या अठ्ठावीस इंची दारातून खुर्ची जात नव्हती म्हणून थकले. न्हाणीघरात दोघी मावत नव्हतो म्हणून थकले. त्या मेल्या तीन पायऱ्या! आई सात वर्षांत अंगणात दोनदा गेली. ती म्हणायची, मला नुसतं नळापाशी नेऊन बसव गं. आणि मी म्हणायचे, उद्या. घर चुकीचं होतं, ठकू. माणूस नव्हे. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नाही की भिंत हलवता येते. ते मला अजून खातं.

तेव्हा हलवली नाही. काल हलवली.

वसतिगृहाला पत्र टाकायच्या आत हे तुझ्या हाती पडो. पुढच्या खोलीची भिंत पडलेली आहे. पहिला घण मी घातला! मिस्त्री म्हणाला, बघावं लागेल, बहिणीचं उत्तर येऊ द्या. मी म्हटलं, तुम्ही बघत बसा. घण उचलला आणि घातला. नेम चुकला, कपाळात गेला असता, पण दुसऱ्या घावाला वीट हलली. मग त्यानं माझ्या हातातून घण काढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत भिंत साफ. मोठं टेबल मी शेजारच्या शिंप्याला देऊन टाकलं. त्याला आनंद, मला जागा. आता मी दुकानात बसले आहे आणि दुकानाला भिंत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस विचारून जातो, काय चाललंय ताई? सगळ्यांना सांगतेय, माझी बहीण यायचीय.

आता तू आली नाहीस तर मी जगाला काय तोंड दाखवू? तसंही तोंड आता रस्त्यावरून सरळ दिसतंच आहे.

तुझे हात चालतात ना? मग मला दोरा ओवायला माणूस हवंय. भीक नाही मागत, काम देतेय.

उलट टपाली उत्तर.

ताई

---

१५ मार्च

ताई,

वसतिगृहाला नाही म्हणून कळवलं. तुझं पत्र हातात घेऊनच कळवलं. तिथल्या बाईंनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, माझ्या बहिणीनं भिंत पाडलीय. त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं.

मीही रडले. शेजारीण परत झारा घेऊन आली.

आईचं नळाचं मला माहीत नव्हतं. त्याबद्दल आपण समोरासमोर बोलू. मी सुट्टीत आठ दिवस येऊन काय करत होते, कशी पळत होते, तेही मला तुला सांगायचंय. पत्रात नाही जमणार.

मिस्त्रींना सांग, उताराला दोन्ही बाजूंना कठडा हवा, जमिनीपासून तीस इंचांवर, आणि कडेला चार इंचांचा उंचवटा, म्हणजे चाक घसरणार नाही. फरशी गुळगुळीत नको, खरखरीत हवी. वळणावर पाच फूट सपाट. ते ‘बघावं लागेल’ म्हणाले तर माझ्याकडून हो समज.

शाळा मेच्या सोळाला संपते. सतराला सकाळी निघते. गाडीवाला मला रस्त्यावर उतरवून देईल, सामान शेजारीण बघेल, तीही येतेय, तिला तुझं घर बघायचंय.

आता एक ऐक, आणि हे माझं शेवटचं मागणं. मी आले की तू खाली यायचं नाहीस. हात पुढं करायचा नाहीस. खुर्चीला मागून हात लावायचा नाहीस, मी मधे थांबले तरी नाही, धाप लागली तरी नाही. वेळ लागेल. मिस्त्रींनाही सांग. तू वर दारात उभी राहायचीस आणि नुसतं बघायचंस.

मला तुझ्याकडे एकटीनं चढून यायचंय.

ठकू